त्याची बाजू

मुसलमान मित्र गेला की आपली पहिली फसगत होते ती वेळेची. हिंदू घरातली आपण माणसं. मुलगा पुण्याहून निघालाय, मुलगी हैदराबादहून येतेय, 'साडेचारला उचलणार' असे निरोप फिरतायत, या वेळापत्रकाला आपण सरावलेले. त्यांच्याकडे होईल तितक्या लवकर माती द्यायची पद्धत. पहाटे गेलेला माणूस बहुतेक वेळा दुपारच्या नमाजानंतर कबरीत असतो. माझा मित्रही पहाटेच गेला. बँकेतले माझे दोन जुने सहकारी सांगलीहून हार घेऊन संध्याकाळी मिरजेत पोचले, तेव्हा गल्लीत प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक अडकवून टेम्पोत चढवणं चाललं होतं. हार हातात धरून ते बिचारे मलाच विचारायला लागले, "आता हे कुठं ठेवायचं?"

म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. शेजारीपाजारी पन्नास वर्षं काढूनही आपल्याला एकमेकांची मरणं माहीत नसतात. लग्नातली बिर्याणी माहीत असते.

आधी गुस्ल, म्हणजे मयताला अंघोळ. पुरुषाला पुरुष घालतात, बाईला बायका, आणि शक्यतो घरचे. मग कफन. न शिवलेलं पांढरं कापड. पुरुषाला तीन तुकडे, बाईला पाच. कापूर लावतात, अत्तर लावतात. चेहरा बघायचा तर याच वेळी, उशिरा येणाऱ्याला तो बघायला मिळत नाही. जनाजा उचलला की खांदा द्यायला सगळे पुढे सरतात. चार पावलं चालायची आणि पुढच्याला जागा द्यायची. त्यामुळे जनाजा वेगानं जातो, आणि खांदा देणारा 'कोण, कुठला' हे बघायला कुणाला सवडच नसते. मीही दिला. मिरजेत याचं कुणाला नवल वाटत नाही.

नमाज-ए-जनाजा उभ्यानंच होते. तिच्यात वाकणं नाही, कपाळ टेकणं नाही. चार वेळा तकबीर, म्हणजे 'अल्लाहू अकबर', होते, मधे मनातल्या मनात पठण, मयतासाठी दुआ, आणि शेवटी सलाम. पाचएक मिनिटांत आटोपतं. रांगा लागल्या तेव्हा आम्ही बिगरमुसलमान सगळे मागं कडेला उभे राहिलो. एक भजनी मंडळाचे बुवा, दोन व्यापारी, मिशन हॉस्पिटलमधून निवृत्त झालेला एक ख्रिस्ती कंपाउंडर आणि मी. दुआची वेळ झाली तशी बुवांनी हात पुढं पसरले. कंपाउंडरनं मान खाली घातली. मी नुसता उभा राहिलो. मी देव मानत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस मी. हात पसरले असते तर मागच्या रांगेतलं ते सोंग बघून हसणारा एकच माणूस तिथं होता, आणि तो पुढं जनाज्यावर होता.

कबरीत त्याला उत्तर-दक्षिण ठेवला, तोंड पश्चिमेकडं, किब्ल्याच्या दिशेला. माती थेट अंगावर पडू नये म्हणून वर आडव्या फळ्या. मग प्रत्येकानं तीन मुठी माती द्यायची. त्या तीन मुठींबरोबर म्हणतात त्या आयतीचा आशय तीन पायऱ्यांचा आहे: माणूस मातीतून घडला, मातीत परत जातो, आणि मातीतूनच पुन्हा उठवला जाणार. पहिल्या दोन मुठींपर्यंत मी पूर्ण सहमत होतो. तिसरी त्याच्या वतीनं टाकली.

त्याचं नाव लिहीत नाही, घरच्यांना ते रुचणार नाही. गल्लीत त्याला सगळे मिस्त्री म्हणत, मीही तेच म्हणतो. सतारमेकर गल्लीतला तंबोऱ्याचा कारागीर. मिरजेची ही कारागिरी एकोणिसाव्या शतकापासूनची. मूळ शिकलगार घराणी, म्हणजे हत्यारांना धार लावणारे लोक. फरीदसाहेबांपासून ती वाद्यांकडं वळली असं गल्लीत सांगतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बाहेरच्यांना कळलं. गाणाऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठचे. "तुमच्या विठोबाच्या शेजारचा भोपळा," मिस्त्री म्हणायचा, "आणि माझ्या हातची जवारी. मधे तू कोण?"

मी कोणीच नव्हतो. आजोबा कीर्तनकार, म्हणून घरात तंबोरा. तो बिघडला म्हणून मी त्याच्याकडं गेलो आणि तिथंच बसायला लागलो. जवारी लावणं हे बघण्यासारखं काम. घोडीच्या हाडाचा माथा कानशीनं कणाकणानं घासायचा, तार चढवायची, छेडायची, ऐकायची, उतरवायची, पुन्हा घासायचं. तार घोडीला किती लांब चाटते यावर सगळं. जास्त घासलं की आवाज फाकतो, कमी घासलं की गुदमरतो. मिस्त्री तार छेडून भिंतीकडं बघत बसायचा. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत एका जागी थांबायचा, आणि खोलीत नसलेला एक सूर अचानक हजर व्हायचा. "उघडली," एवढंच म्हणायचा. अजान झाली की कानस खाली, घोडीवर फडकं, आणि पठ्ठ्या मशिदीत. ग्राहक मुंबईहून आलेला असला तरी.

एकदा सोलापूरकडच्या एका गिऱ्हाइकाला भोपळ्यावर गणपती कोरून हवा होता. मिस्त्रीनं वेली कोरल्या, फुलं कोरली, आणि गणपतीसाठी तंबोरा दुसऱ्या कारागिराकडं पाठवला. "मूर्ती माझ्या हातानं नको. पण त्याला हवीय, तर चांगली झाली पाहिजे." चांगल्या हाताचा माणूस स्वतः शोधला, पैसे स्वतःच्या खिशातून आधी दिले. मी म्हटलं, "अरे, मूर्ती तू मानत नाहीस, मीही मानत नाही. आपलं जमतंय की." तर म्हणाला, "क्या बी बोलता रे तू. मी मूर्ती मानत नाही कारण मी एकाला मानतो. तू त्या एकालाही मानत नाहीस. गणपतीवाला तुझ्यापेक्षा मला जवळचा."

आमची भांडणं अशी असायची. देहदानावरून झालेलं सगळ्यात मोठं. मी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा फॉर्म आणला आणि साक्षीदार म्हणून त्याची सही मागितली. तो म्हणाला, शरीर आपलं नसतं, अमानत असते, ती आहे तशी परत करायची. मी म्हटलं, परतच करतोय, फक्त पत्ता वेगळा. तो हसला, पण सही केली नाही. "मी खोटी साक्ष देत नाही. मला पटत नाही, तर मी साक्षीदार कसला? तू गेलास तर कॉलेजच्या दारापर्यंत येईन. आत येणार नाही." सही शेवटी माझ्या मेव्हण्यानं केली. मेव्हण्याला पटलं होतं की नव्हतं, मी विचारलंही नाही.

सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या एका कमानीवरून मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली. तेव्हा आम्ही फोनवर बोलायचो, पण नीट नाही. दूध मिळालं का, भाभींची गोळी आहे का, एवढंच. कोणाचं काय चुकलं यावर आमचं एकमत तेव्हा झालं नाही आणि नंतरही झालं नाही. लोक अशा मैत्रीची गोष्ट सांगताना हा भाग गाळतात. गाळला की गोष्ट गोड होते.

तो गेल्यावर पहिले काही दिवस त्याच्या घरी चूल पेटली नाही. त्यांच्याकडंही शेजारी-नातेवाईकच जेवण आणतात, आपल्याकडच्या कडू घासासारखं. आमच्या घरून पिठलं-भाकरी गेली, समोरच्या घरातून खिचडा आला. तिसऱ्या दिवशी जियारत झाली. कुराण वाचलं गेलं, कबरीवर फुलं घातली. इथपर्यंत मला सगळं समजत होतं. पुढं इद्दत सुरू झाली. नवरा गेला की बाईनं चार महिने दहा दिवस शक्यतो घरातच राहायचं, साजशृंगार नाही, दुसरं लग्न नाही. त्यांच्या घरी परपुरुषासमोर येणंही बंद. ज्या बाईनं मला वर्षानुवर्षं चहा दिला तिच्याशी मला पडद्याआडून बोलावं लागलं. हे मला पटलं नाही, आजही पटत नाही, आणि आपल्याकडं विधवांचं काय काय झालं ते माहीत असल्यामुळं दुसऱ्याकडं बोट दाखवायचीही सोय नाही. माझी बायको मात्र थेट आत जाऊन बसायची. निरोप तिच्यामार्फत. एकदा निरोप आला: "भाईंना सांगा, मला कुणी कोंडलेलं नाही. मला हे दिवस हवे होते." मी यावर काय बोलणार? मिस्त्री असता तर माझ्याशी तासभर भांडला असता आणि मला निदान दुसरी बाजू धडपणे कळली असती.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं की खरी पंचाईत ही आहे. ज्याच्याशी वाद घालत आयुष्य काढलं तो गेला की वादात आपण जिंकतो. फुकटात. आपली बाजू मांडायला आपण असतो, त्याची मांडायला कुणी नसतं. हळूहळू आपण त्याला आपल्यासारखा करून टाकतो: 'तसा तो फार कर्मठ नव्हता', 'मनातून त्यालाही पटत होतं'. नव्हतं पटत. तो पाच वेळचा नमाजी होता आणि कयामतीच्या दिवशी हिशेब होणार यावर त्याचा, उद्या सूर्य उगवणार यावर असतो तितका, भरवसा होता.

आणि मग चालिसव्याचा प्रश्न आला. चाळिसाव्या दिवशी फातिहा, जेवण, गोरगरिबांना वाटप. त्याचा थोरला मुलगा कारखाना बघतो, तो करायच्या बाजूचा. धाकटा गेल्या काही वर्षांत वेगळ्या विचारांच्या लोकांत बसायला लागलाय. त्याचं म्हणणं, हे चालिसवे, उरूस, दर्ग्यावर गलेफ चढवणं मूळ दीनमध्ये नाही, नंतर घुसलंय. म्हणजे श्रद्धेतला फरक माझ्या आणि मिस्त्रीच्या मधेच होता असं नाही, तो त्यांच्या उंबऱ्याच्या आतही होता. बोलता बोलता मी म्हणून गेलो, चालिसवा व्हायला पाहिजे. धाकटा माझ्याकडं बघतच राहिला. "काका, तुम्ही तर देवच मानत नाही. तुम्हाला चालिसव्याचं काय?"

"मला काही नाही," मी म्हटलं. "त्याला होतं. त्यानं त्याच्या वडलांचा केला, तिथं मी जेवलोय."

माझे चळवळीतले मित्र यावर मला अजून टोचतात. कर्मकांडाची वकिली केलीस म्हणून. मी त्यांना सेवाग्रामची गोष्ट सांगतो. आंध्रातले गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, पक्के नास्तिक. १९४४ साली ते गांधीजींना प्रत्यक्ष भेटले आणि देव आहे की नाही यावर दोघांची चर्चा चालू राहिली. गोरांच्या मुलीचं लग्न एका दलित तरुणाशी ठरलं, ते सेवाग्रामला लावायचं ठरलं, आणि गांधीजींनी कबूल केलं की विधीमध्ये ईश्वराचं नाव येणार नाही, तिथं सत्य येईल. रामनाम घेणारा माणूस एका नास्तिकासाठी हे कबूल करतो! जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींचा खून झाला. लग्न झालं मार्चमध्ये, सेवाग्रामलाच, कबूल केल्याप्रमाणं. आश्रमातल्या लोकांना ते सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही. ज्यांची रोजची प्रार्थना ईश्वराची, त्यांनी गेलेल्या माणसाचा शब्द आपल्या श्रद्धेच्या वर ठेवला. नास्तिकासाठी आस्तिकांनी इतकं केलं, तर एका चालिसव्यासाठी मी शब्द टाकला यात काय बिघडलं?

हमीद दलवाईंचं उदाहरण याच्या उलट बाजूचं. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा माणूस. १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, आणि ३ मे १९७७ रोजी मुंबईत गेले ते कसलेही धार्मिक विधी नकोत असं सांगून. त्याप्रमाणं विद्युतदाहिनीत दहन झालं. त्यांच्या मित्रांमध्ये आणि आप्तांमध्ये श्रद्धाळू माणसंही असणारच. त्यांच्यापैकी कुणाच्या मनात आलं असेल, गुपचूप दोन आयती म्हणू या. म्हटल्याही असतील, मनातल्या मनात. पण त्या मोठ्यानं म्हटल्या गेल्या नाहीत, हे बरोबरच झालं. दलवाईंची आठवण आमच्या चळवळीतल्या नरेंद्र दाभोलकरांनी निराळ्याच तऱ्हेनं ठेवली. मुलाचं नाव हमीद ठेवलं. याच्यासारखी सुटसुटीत आठवण मला दुसरी माहीत नाही. रोज हाक मारताना होते.

शेवटी चालिसवा झाला, पण धाकट्याची बाजूही राहिली. फातिहाला तो आला नाही. अन्न वाटायला मात्र सगळ्यात पुढं होता. मिस्त्रीला हे चाललं असतं का? बहुधा नसतं. तो ओरडला असता.

शोकसभेची तऱ्हा आणखी वेगळी. संगीतवाल्यांनी हॉल घेतला. आपल्या शोकसभेचा साचा ठरलेला: फोटो, हार, समई, दोन मिनिटं स्तब्धता. थोरल्यानं हळूच येऊन विचारलं, फोटोला हार आणि समोर समई नसली तर चालेल का? संयोजक गडबडले. "मग लोकांनी बघायचं कशाकडं?" असा त्यांचा प्रश्न, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. शेवटी त्यानंच केलेले दोन तंबोरे जुळवून व्यासपीठावर ठेवले आणि एका मुलीला पूर्ण वेळ छेडत बसवलं. भाषणं त्यावरच झाली. सूर चालू असताना माणसं थोडक्यात बोलतात, हा एक फायदा. तरी एका पुढाऱ्यांनी 'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' हे पंधरा मिनिटं सांगितलं. मला हे वाक्य ऐकवत नाही. सगळे एकच सांगत असते तर मिस्त्रीनं गणपती कोरला असता, माझ्या फॉर्मवर सही केली असती, आणि आमची मैत्री पहिल्या आठवड्यात कंटाळून संपली असती.

श्रद्धा वेगळ्या ठेवून एकत्र आठवण काढणं मिरजेला नवीन नाही. ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. खाँसाहेब किराण्याचे, मिरजेत रमलेले. पाँडिचेरीकडं निघाले असताना २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासजवळच्या सिंगापेरुमल कोईल स्टेशनात गेले; शेवटी नमाज पढले, असं सांगतात. मिरजेला आणून त्यांना इथं दफन केलं. तेव्हापासून उरसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. गायला येणाऱ्यांत हिंदू किती आणि मुसलमान किती हे कुणी मोजत नाही. त्याच उरसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. आणि मिरजेबाहेरही, तुकोबांची पालखी देहूतून निघाली की अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथं अभंग-आरती होते, मग पुढं आकुर्डीकडं. तुकोबांच्या काळातला हा फकीर. पालखी दर्ग्यापाशी थांबते, विठ्ठलाचंच गाते आणि निघते. थांबण्यासाठी वारकऱ्याला कलमा पढावा लागत नाही.

मिस्त्री दर गुरुवारी दर्ग्यात जायचा. मी बाहेर चप्पल सांभाळत बसायचो. तो आत काय मागायचा मी विचारलं नाही, पण एक काळजी त्यानं बोलून दाखवली होती. त्यांच्यात मानतात की माणूस गेल्यावर त्याच्या खात्यात तीनच गोष्टींची भर पडत राहते: चालू राहणारं दान, लोकांच्या उपयोगी पडणारं ज्ञान, आणि त्याच्यासाठी दुआ करणारी औलाद. विहीर खोदली, लोक पाणी पीत राहिले, पुण्य चढत राहतं. त्याला प्रश्न पडायचा, तंबोरा यात बसतो का? काही मौलाना तर वाद्यच नापसंत करतात. "समजा, माझ्या तंबोऱ्यावर कुणी शंभर वर्षं देवाचं नाव घेतलं. पण दुसऱ्या देवाचं. मग ते माझ्या खात्यात जमा की नावे?" मी बँकवाला. मी म्हटलं, सस्पेन्स खात्यात. तो खूप हसला, पण प्रश्न त्यानं सोडला नाही.

आता त्याच्या जाण्याच्या दोन तारखा झाल्यात. घरचे बरसी हिजरी महिन्याप्रमाणं करतात. ते वर्ष पूर्ण चांद्र, ३५४-३५५ दिवसांचं. आपण अधिक महिना घालून तिथी ऋतूशी बांधून ठेवतो, तसं त्यांच्यात नाही. त्यामुळं त्याची बरसी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते. माझी तारीख कॅलेंडरवर जिथल्या तिथं. तो गेला तेव्हा ऐन उन्हाळा होता. त्याची बरसी थंडीत येईल, पावसात जाईल आणि तेहतीसेक वर्षांनी पुन्हा माझ्या तारखेपाशी येईल. तेव्हा मी कॉलेजच्या शरीरशास्त्र विभागाचंही काम संपवलेलं असेन.

बरसीला मी त्यांच्या घरी जातो. माझ्या तारखेला थोरला मला कारखान्यात बोलावतो. मागच्या खेपेला तिथं एक तरुण कीर्तनकार तंबोरा घ्यायला आले होते. वाद्य जुळेपर्यंत वेळ होता, आणि मी कोण हे कळल्यावर त्यांनी मला मृत्यूनंतर आत्म्याचं काय होतं ते समजावून सांगायला घेतलं. मी म्हटलं, "महाराज, या खोलीत या विषयावर बोलायचं तर मुसलमानाची बाजू आधी ऐकावी लागेल." आणि मिस्त्रीकडून ऐकली होती तशी मांडली: कबरीतले सवाल, बरजख म्हणजे मरण आणि कयामत यांमधला काळ, कयामतीचा हिशेब, चालू राहणारं दान, सगळं. थोरला घोडी घासत होता. मान वर न करता त्यानं दोन ठिकाणी मला दुरुस्त केलं.